कधीची माणसं मोजायची?

प्रस्तावना

सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यात एका पाड्यावर आम्ही घरोघर माहिती भरून घेत होतो. होळी होऊन आठवडा झाला होता. ओट्यावर मोहाची फुलं पसरत बसलेल्या एका मावशींना मी अर्जावरचा पहिला प्रश्न विचारला, "घरात माणसं किती?" त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि उलट मलाच विचारलं, "कधीची माणसं लिहितोस भाऊ? होळीची की उसाची?"

होळीला घर भरलेलं असतं. एरवी दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बारडोलीकडे ऊसतोडीला जातात, तरणी पोरं सुरतेच्या बांधकामांवर जातात, काही लेकरं आईबापांबरोबर फडावर जातात आणि घरात म्हातारी माणसं नि शेळ्या उरतात. अर्जावर चौकट एकच होती. मी त्या दिवशी तिच्यात नऊ लिहिले, कारण नऊ जण समोर होते. तीन महिने आधी गेलो असतो तर चार लिहिले असते. दोन्ही आकडे खरे असते.

हे पुस्तक सातपुड्याविषयी नाही, महानगरांविषयी आहे. फार मोठी शहरं आर्थिक धक्का कसा सोसतात, त्यातून किती वेळात उभी राहतात आणि हे सारं मोजायचं कसं, हा त्याचा विषय. तरीही त्याचं लिखाण नंदुरबारात झालं, आणि ते इथेच व्हायला हवं होतं असं मला वाटतं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,४८,२९५, त्यात दोन तृतीयांशाहून अधिक आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं गाव म्हणजे नंदुरबार शहर, आणि तेही लाख-सव्वा लाख वस्तीचं. संयुक्त राष्ट्रसंघ एक कोटीच्या वर वस्ती असलेल्या शहराला महानगरांच्या सर्वांत वरच्या वर्गात घालतो. तसं एकही शहर आमच्या जिल्ह्याच्या आसपास नाही. पण अशा शहरांना धक्का बसला की तो जिथे पोचतो, त्या ठिकाणांपैकी हे एक आहे.

आधी शब्दांचं बोलू. आर्थिक धक्का सोसण्याच्या क्षमतेला हल्ली 'लवचिकता' म्हणायची पद्धत पडली आहे. मला तो शब्द अपुरा वाटतो. वेताची काठी वाकवून सोडली की ती होती तशी सरळ होते, एवढंच त्यातून कळतं. मराठीत याहून बारकाईने बोलता येतं. वादळात पाय रोवून उभं राहणं म्हणजे तग धरणं. ठेच लागल्यावर तोल परत मिळवणं म्हणजे सावरणं. जुनी वाट बंद झाली म्हणून दुसरी धरणं, ते वाट बदलणं. आणि आतून पूर्ण नवं होऊन बाहेर पडणं म्हणजे कात टाकणं. केंब्रिजचे भूगोलतज्ज्ञ रॉन मार्टिन यांनी २०१२ मध्ये प्रादेशिक अर्थव्यवस्थांसाठी जी चौपदरी मांडणी केली, ती जवळपास हीच आहे. त्याआधी १९७३ मध्ये कॅनडाचे परिसरशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी जंगलांच्या अभ्यासातून एक मूलभूत भेद दाखवला होता. व्यवस्था किती लवकर पूर्वस्थितीला येते, हा एक प्रश्न. किती मोठा घाव सोसूनही ती 'तीच' राहते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर महिन्यांत देता येतं. दुसऱ्यासाठी आधी ठरवावं लागतं की 'तीच' म्हणजे कोण. शहर 'तेच' राहिलं असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या इमारती राहिल्या, उलाढाल राहिली, की माणसं राहिली?

मोजमापाची नेहमीची साधनं सांगतो, कारण पुढच्या प्रकरणांत ती पुन्हा पुन्हा येतील. धक्क्यानंतर उत्पादन किती टक्क्यांनी खाली गेलं आणि मूळ पातळीला यायला किती तिमाह्या लागल्या, ही पहिली रीत. शहर किती उद्योगांवर उभं आहे, ही दुसरी. तिच्यासाठी प्रत्येक उद्योगाचा वाटा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि सगळे वर्ग मिळवतात. दहा उद्योग सारख्या वाट्याचे असले तर बेरीज ०.१० येते. एकाच उद्योगाचा वाटा साठ टक्के आणि उरलेल्या चौघांचा दहा-दहा टक्के असेल तर ०.४० येते. बेरीज जितकी मोठी तितकं ते शहर एकाच खांबावर उभं. तिसरी रीत निर्देशांकांची. रॉकफेलर फाउंडेशन आणि अरूप या संस्थांनी केलेल्या शहर निर्देशांकात ५२ निकष आहेत. २०१३ मध्ये रॉकफेलरने सुरू केलेल्या शंभर शहरांच्या उपक्रमात सुरत होती, पुढे पुणंही आलं.

या साधनांत काय निसटतं ते समजायला नंदुरबारची मिरची बरी. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथारींवर एकरच्या एकर लाल मिरची वाळत पडलेली असते. तोंडाला पदर बांधून बायका ओळीने बसतात आणि देठ खुडतात. एका रात्री अवकाळी पाऊस येतो. ताडपत्र्या पुरत नाहीत, माल भिजतो, काळा पडतो. दुसऱ्या दिवशी किती क्विंटल मिरची खराब झाली, व्यापाऱ्यांचं किती लाखांचं नुकसान झालं, याच्या बातम्या येतात. बाजार समितीतली आवक आठवड्याभरात पूर्ववत होते, आणि कागदावर बाजार सावरतो. देठ खुडणाऱ्या बाईचे जे आठ दिवस बुडाले ते त्या कागदावर नसतात, कारण तिचं नावच कुठल्या रजिस्टरात नसतं. बाजार सावरला हे खरं आहे. त्याच्या सावरण्यातला काही भाग तिच्या घरातून गेला, हेही खरं आहे.

हेच आता लाखाच्या जागी कोटी घालून पाहा.

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली. १८९१ मध्ये मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. मुंबईसारखं वाढतं शहर एका दशकात आकसलं. गिरण्या पूर्ण बंद पडल्या नाहीत. मजूर मिळेना तेव्हा रोजच्या रोज मजुरी देऊन माणसं लावली गेली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, नवे रस्ते आले, आणि १९११ ला वस्ती पावणेदहा लाखांवर गेली. शहराच्या बाजूने पाहिलं तर ही सावरण्याची आणि काही अंशी कात टाकण्याचीही कहाणी आहे. पण पळालेली लाखो माणसं त्या महिन्यांत जगली ती कोकणातल्या, देशावरच्या घरांत, तिथल्या भातावर नि भाकरीवर, आणि १८९६-९७ हे तर दुष्काळाचं वर्ष होतं. तो खर्च मुंबईच्या कुठल्याही हिशेबात चढला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. पुढची वीस वर्षं पाहिली तर मुंबईचं उत्पन्न वाढतच गेलं: बँका आल्या, शेअरबाजार फुगला, सिनेमा आणि सेवा वाढल्या, गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. मार्टिन यांच्या चौकटीत हे 'वाट बदलणं' ठरतं, आणि फार यशस्वी. पण ज्यांच्या पायांनी ती वाट तुडवली गेली होती ते कामगार नव्या वाटेवर नव्हते. कुणी सातारा-रत्नागिरीला परतले, कुणाची मुलं चाळीतच वाढून वॉचमनच्या नोकरीला लागली. शहर 'तेच' राहिलं का, या हॉलिंग यांच्या प्रश्नाला लालबागमध्ये आणि नरिमन पॉइंटवर वेगवेगळी उत्तरं मिळाली असती.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ११ जुलै २००६ ला लोकल गाड्यांत स्फोट झाले. दोन्ही वेळा गाड्या पुन्हा धावू लागल्या आणि माणसं कामावर गेली, याचं देशभर कौतुक झालं. त्या माणसांच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु रोजची कमाई बुडू नये म्हणून जो दुसऱ्या दिवशी गाडीला लटकतो, त्याच्या हजेरीला शहराच्या ताकदीचा पुरावा मानणं मला मान्य नाही. त्या हजेरीतून एवढंच कळतं की त्याच्याकडे एका दिवसाचीही शिल्लक नव्हती, आणि शिल्लक नसणं म्हणजे कमकुवतपणा.

सुरत आमच्या अधिक जवळची. नंदुरबारच्या फलाटावरून तापीच्या खोऱ्यातून जाणारी गाडी धरली की काही तासांत सुरतेचं उधना स्टेशन. १९६१ मध्ये सुरतेची वस्ती २ लाख ८८ हजार होती, २०११ मध्ये ४४ लाख ६७ हजार. पन्नास वर्षांत पंधरा पट. कापड आणि हिरे हे तिचे दोन खांब. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी फुटली आणि अवघ्या काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडलं. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. २००८ च्या जागतिक मंदीत हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या घंट्या थांबल्या आणि कारागीर सौराष्ट्रात परतले. दरवेळी सुरत सावरली. प्लेगनंतरची साफसफाई आणि २००६ नंतर उकाईच्या पाण्याचा आगाऊ अंदाज देणारी यंत्रणा, ही दोन्ही कामं अभ्यासण्यासारखी आहेत, आणि पुस्तकात त्यांना मी एक अख्खं प्रकरण दिलं आहे.

उकाईविषयी इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७२ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण सुरतेला पुरापासून वाचवण्यासाठीही बांधलं गेलं. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत आजच्या नवापूर तालुक्यातली गावं आहेत. सुरतेच्या पूरसुरक्षेचा एक भाग नंदुरबार जिल्ह्याच्या जमिनीत आहे. तिकडे नर्मदेवर सरदार सरोवरासाठी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. गुजरातच्या शहरांचं पिण्याचं पाणी त्या सरोवरातून जातं. शहराच्या तगण्याचा निर्देशांक काढताना पाणीपुरवठ्याला गुण मिळतात. ते गुण कुणाच्या शेतावर मिळाले, याला रकाना नसतो.

नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक लोखंडी बाकडं आहे. स्टेशनच दोन राज्यांत विभागलेलं: तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं कार्यालय गुजरातेत. राज्यांची हद्द त्या बाकड्यावरून जाते आणि बाकड्याच्या एका अर्ध्यावर महाराष्ट्र, दुसऱ्यावर गुजरात असं रंगवलेलं आहे. लोक तिथे फोटो काढतात. मी तिथे बसून गाडीची वाट पाहत होतो तेव्हा नीती आयोगाचा सुरत आर्थिक क्षेत्राचा आराखडा नुकताच जाहीर झाला होता. २०२४ च्या त्या आराखड्यात सुरत, भरूच, नवसारी, वलसाड, तापी आणि डांग हे सहा जिल्हे धरले आहेत. म्हणजे बाकड्याच्या त्या अर्ध्यापर्यंत सुरतेची अर्थव्यवस्था, आणि या अर्ध्यावर ती संपते. मुंबई महानगर प्रदेशाचा नकाशा ६,३२८ चौरस किलोमीटरचा, त्यातही आम्ही नाही. माझ्या शेजारी डोक्याखाली गाठोडं घेऊन झोपलेला माणूस मात्र दोन्ही अर्ध्यांवर आडवा पसरला होता.

नकाशावरची रेष कुठेतरी काढावी लागतेच, हे मला कळतं. तक्रार रेषेची नाही. धक्का बसल्यावर शहर जे बाहेर ढकलतं ते त्या रेषेपलीकडे गेल्याबरोबर मोजणीतून जातं, ही अडचण आहे. २०२० चं उदाहरण घ्या. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. १ मेपासून श्रमिक गाड्या सुटू लागल्या, पण त्याआधीच लाखो लोक चालत निघाले होते. त्या एप्रिल ते जूनच्या तिमाहीत देशातल्या शहरी बेरोजगारीचा दर ९ टक्क्यांच्या आसपासवरून २१ टक्क्यांच्या घरात गेला, आणि २०२२ च्या त्याच तिमाहीत ७.६ टक्क्यांवर आला. दोन वर्षांत शहरं पूर्ण सावरली, असा निष्कर्ष यातून सहज निघतो. पण हा दर शहरात असलेल्या माणसांचा आहे. ज्या दिवशी बेरोजगार माणूस शहर सोडतो त्या दिवशी तो शहराचा बेरोजगार राहत नाही. शहरातून जितके जास्त निघून जातील तितका शहराचा आकडा सौम्य दिसतो.

मग ते गेले कुठे? दुसऱ्या एका आकड्यात. २०१९-२० मध्ये राष्ट्रीय रोजगार हमीवर देशभरात सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवसांचं काम झालं होतं. २०२०-२१ मध्ये ते ३८९ कोटींवर गेलं. शहरांच्या उत्पादनाचा आलेख आणि हा आलेख एकमेकांशेजारी ठेवले की एकाचा खड्डा दुसऱ्याच्या उंचवट्याला जाऊन भिडतो. या पुस्तकातला मुख्य प्रस्ताव त्यातूनच आला आहे: महानगराची सावरण्याची क्षमता मोजताना त्याला मजूर, पाणी आणि जमीन देणारे जिल्हे त्याच हिशेबात धरावेत, आणि धक्क्याच्या काळात शहराने बाहेर सोडलेला भार शहराच्या खात्यावर उणे म्हणून मांडावा.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली, तेव्हा तिचा पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होता. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लावण्यात आला. पगारदारांच्या पगारातून तो कापला जातो, आणि पगारदार सर्वाधिक मुंबईत. जितका कर जमेल तितकीच भर राज्याने घालायची. फोर्टमधल्या कारकुनाच्या पगारातून दर महिन्याला कापलेल्या थोड्या रुपयांवर पाझर तलाव खोदले गेले. हे नातं त्या वेळच्या धोरणकर्त्यांनी ओळखलं होतं आणि कायद्यात लिहिलं होतं. मला तो कायदा आपल्या राज्याच्या आर्थिक विचारातला एक मोठा क्षण वाटतो, आणि त्याची आठवण इतकी पुसट व्हावी याचं वाईट वाटतं. पावसाने दगा दिला की शहर गावाला देतं, ही बाजू आपण मोजली. शहराने दगा दिला की गाव शहराला देतं, ती मोजायची राहिली.

यात नवं काही शोधलं, असा माझा दावा नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९७० च्या दशकात बारडोलीच्या फडांवर फिरले. खानदेशातून येणारे 'कोयते', म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, कशा आणल्या जातात नि हंगाम संपल्यावर कशा परत पाठवल्या जातात, ते त्यांनी सविस्तर लिहून ठेवलं आहे. माणसाला हंगामापुरतं वापरायचं आणि उरलेल्या वर्षाचा सांभाळ त्याच्या गावावर सोडायचा, ही रीत उसाच्या फडावर होती तशीच बांधकामावर आहे. मी तिला शहराच्या मोजपट्टीशी जोडलं, इतकंच.

एका प्रकरणात नंदुरबारने स्वतः तग कसा धरला तेही आहे. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर, २०२० च्या सप्टेंबरात, तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या प्रशासनाने इथे ऑक्सिजन निर्मितीचा पहिला प्रकल्प बसवला, आणि पुढे आणखी बसवले. तेव्हा रुग्ण कमी होत होते, म्हणून तो खर्च जादा वाटण्यासारखा होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरं सिलिंडरसाठी धावत असताना इथे ऑक्सिजन होता. कार्यक्षमतेच्या हिशेबात जे पडून आहे ते वाया गेलेलं दिसतं. धक्क्याच्या दिवशी तेवढंच कामाला येतं. महानगरांकडे अशी पडून असलेली शिल्लक किती आहे, खाटा, धान्य, रिकाम्या खोल्या, कामगाराच्या खात्यातले दिवस, याची मोजणी पुस्तकाच्या उत्तरार्धात सुचवली आहे. सुरतेच्या किंवा मुंबईच्या एका बांधकाम मजुराला मजुरीशिवाय शहरातच किती दिवस राहता येईल, हा माझ्या मते सगळ्या ५२ निकषांआधी विचारायचा प्रश्न आहे.

अर्ज आम्ही बदलला. माणसं किती, या प्रश्नापुढे एकाच्या जागी चार चौकटी केल्या: पावसाळ्यात, दिवाळीनंतर, होळीला आणि २०२० च्या एप्रिलात. नवा अर्ज घेऊन पहिल्यांदा गेलो ते त्याच मावशींकडे. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं: नऊ, चार, नऊ, अकरा. दहावा नि अकरावा कोण, असं विचारल्यावर म्हणाल्या, जावई आणि त्याचा धाकटा भाऊ. जावयाच्या स्वतःच्या घरी तोवर चौदा जण येऊन बसले होते. मी लिहून घेतलं आणि पान उलटायला लागलो, तर त्यांनी कोपऱ्यातल्या कणगीकडे हात केला. पाऊस पडेपर्यंत पुरणारी ज्वारी त्या वर्षी उन्हाळा सरायच्या आतच संपली होती. "हे पण लिही," त्या म्हणाल्या. अर्जावरची पाचवी चौकट तिथून आली: कणगी कधी रिकामी झाली.